दारावर टांगायला घरच्या घरी नाताळची चांदणी कशी करावी?

नगरची_लेक | ८ डिसेंबर, रात्री १०.४०

डिसेंबर लागला की आमच्या नगरच्या घरी आजोबा माळ्यावरची बांबूच्या कामट्यांची मोळी खाली काढायचे. अंगणात पोतं अंथरून बसायचे. आम्हा नातवंडांना एकच काम, दोरा धरून ठेवायचा. दोन संध्याकाळी सांगाड्याला जायच्या, तिसऱ्या दिवशी कागद लागायचा आणि चौथ्या दिवशी चांदणी दारावरच्या खुंटीला. रात्री गाणी म्हणणारी मंडळी पेटी-ढोलकी घेऊन गल्लीत शिरली की कुठल्या घरी जायचं हे कुणाला विचारावं लागत नसे. चांदणी दिसली की वळायचं.

आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी आता पुण्यात भाड्याच्या घरात आहे, तिसरा मजला. गेल्या वर्षी बाजारातून प्लॅस्टिकच्या पानांचं हिरवं कडं आणून दारावर लावलं. मुलगी सात वर्षांची आहे, तिने विचारलं, "हे कुणी केलं?" मला सांगता येईना. या वर्षी दारावर जे लागेल ते आमच्या हातचंच, असं ठरवलंय. पण दोरा धरण्यापलीकडे मला काही येत नाही. काठ्या केवढ्या घ्यायच्या, फुगीर आकार कसा येतो, कागद सैल का पडतो? शिवाय भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही. चांदणी नाहीच जमली तर इथल्या पानाफांद्यांचं कडं करता येईल का? हाताशी दोन आठवडे आहेत.

कोपऱ्यावरचं_घर | ८ डिसेंबर, रात्री ११.०५

घडीची कागदी चांदणी बाजारात शंभर-दीडशेला मिळते. उघडली की झाली. नोकरी करून एवढा घाट कशाला घालता?

नगरची_लेक | ८ डिसेंबर, रात्री ११.२०

मिळते, आणि छान असते. पण मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही.

गिरगावातले_काका | ९ डिसेंबर, सकाळी ६.५०

लेकी, मी चाळीस वर्षं चाळीचा आकाशकंदील बांधला आहे. सांगाड्याचं शास्त्र चांदणीला तेच. नीट वाच, मग काठ्या आण.

दहा कामट्या घे, सगळ्या बरोब्बर ६० सेंटिमीटरच्या. रुंदी पाव इंच, जाडी तीन मिलिमीटरच्या वर नको. पुण्यात बुरूड आळीत चिरून देतील. रात्रभर पाण्यात ठेव. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण कर. मधे १४ उरतात. या दोन खुणांवरच दुसऱ्या कामट्या हिला छेदणार. खुणा चुकल्या तर चांदणीचा एक हात लांब, एक आखूड. मग कितीही कागद चिकटव, ती लंगडीच दिसते.

पाच कामट्यांची एक सपाट चांदणी. बांधताना विणायची, म्हणजे प्रत्येक कामटी एका खुणेवर वरून जाते आणि दुसऱ्या खुणेवर खालून. असं केलं की सांगाडा स्वतःला धरून राहतो, दोरा फक्त मदतीला. अशा दोन चांदण्या कर, एकीवर एक ठेव आणि फक्त पाच टोकं घट्ट बांध. आता मधल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत, दोन्ही सांगाड्यांच्या मधे, ११-१२ सेंटिमीटरच्या पाच आडकाठ्या उभ्या बसव. त्या बसल्या की पोट फुगतं आणि टोकं मिटलेली राहतात. फुगीरपणाचं रहस्य एवढंच. कामटीची हिरवी पाठ बाहेरच्या बाजूला ठेव, आतून वाकली तर तडकते.

कागदाचे तुकडे बावीस लागतील. पुढे पाच त्रिकोण आणि एक पंचकोन, मागे तेवढेच, आणि बाजूचे दहा अरुंद त्रिकोण. मागचा पंचकोन चिकटवू नकोस, दिवा तिथून आत जातो.

शून्य_बाकी | ९ डिसेंबर, सकाळी ८.१५

काका, ६० ला २३-१४-२३ हे कुठून आलं ते सांगायचं राहिलं! पंचकोनाचे कर्ण एकमेकांना छेदतात तेव्हा प्रत्येक कर्णाचे ३८.२, २३.६ आणि ३८.२ टक्के असे तुकडे पडतात. सुवर्ण गुणोत्तर ते हेच. नववीच्या वर्गाला मी हे फळ्यावर शिकवते. पुढच्या वर्षी कामट्या घेऊन जाणार.

गिरगावातले_काका | ९ डिसेंबर, सकाळी ८.४०

मला हे गुणोत्तर आज कळलं, बाई. आमच्या वस्तादांनी खुणा केलेली एक काठी दिली होती, ती लावायची आणि कापायचं. मुलांना जरूर शिकवा, आणि कामट्या संपल्या तर कळवा, पोस्टाने पाठवतो.

नगरची_लेक | ९ डिसेंबर, सकाळी ९.३०

काका, तुमचे आकडे वाचले आणि हातातला चहा खाली ठेवला. आजोबा काठी मापताना पुटपुटायचे, "वीत, मूठ-अंगठा, वीत." मला वाटायचं काहीतरी जुनं गाणं असेल. आत्ता नवऱ्याची वीत टेपने मोजली, २३ सेंटिमीटर. मूठ आणि वर उभा अंगठा, साडेचौदा. त्यांच्याकडे टेप नव्हतीच. हात होता.

नंदाखालची_पोर | ९ डिसेंबर, सकाळी १०.१०

हे वाचून अंगावर काटा आला, ताई. माझे पप्पाही वितीनेच मापतात.

आमच्याकडे वसईत अजून गावोगाव घरच्या चांदण्या होतात. मुलं येशूजन्माचा गोठा करतात, मोठी माणसं चांदणी. कागदाबद्दल सांगते. जाड रंगीत कागद अजिबात नको, उजेड अडतो. पतंगाचा कागद घ्या. संक्रांत जवळ आलेली असते, त्यामुळे डिसेंबरात सगळीकडे मिळतो. प्रत्येक तुकडा चारी बाजूंनी एक सेंटिमीटर जास्त कापा आणि ती कड कामटीवरून आत दुमडून चिकटवा. खळ मैद्याची. दोन चमचे मैदा गार पाण्यात आधी गुठळी न होता कालवायचा, मग मंद आचेवर काचेसारखी चमक येईपर्यंत शिजवायचा. गार झाल्यावर बोटाने लावायची, ब्रशने जास्त लागते आणि कागद विरघळतो. सैल पडलेल्या कागदावर वाळल्यानंतर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. पुन्हा वाळताना तो ताणून बसतो. पण आधी कोपऱ्यावर करून बघा, काही लाल कागद रंग सोडतात.

बाइंडिंगवाला | ९ डिसेंबर, सकाळी ११.००

खळीत चिमूटभर मोरचूद घाला. झुरळं आणि कसर लागत नाही. आम्ही वह्यांना तेच करतो.

नंदाखालची_पोर | ९ डिसेंबर, सकाळी ११.१२

दादा, सात वर्षांची मुलगी हाताने खळ लावणार आहे. मोरचूद विषारी. चांदणी महिनाभर टिकायची आहे, वहीसारखी वर्षानुवर्षं नाही. नकोच ते.

बाइंडिंगवाला | ९ डिसेंबर, सकाळी ११.२०

बरोबर आहे, मुलीचं लक्षात आलं नाही. साधी खळ करा आणि रोज ताजी करा, दुसऱ्या दिवशी आंबते.

ओझरचा_बागायतदार | ९ डिसेंबर, दुपारी १.३०

ताई, कड्याचं विचारलंत म्हणून लिहितो. आमच्याकडे द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरात होते. छाटलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडून असतात, बरेच जण जाळून टाकतात. कड्याचा सांगाडा म्हणून या काडीसारखी दुसरी वस्तू नाही. वाळलेली काडी कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी दोरीसारखी वळते. चार-पाच काड्या एकत्र घेऊन पातेल्याभोवती गोल वळवायच्या, उरलेली टोकं आतबाहेर खोवायची. तार नाही, खिळा नाही. वेलीचे कुरळे तणावे तसेच राहू द्या, सजावट तीच.

एक काळजी घ्या. बागेत फवारण्या झालेल्या असतात. काड्या दोन पाण्यांतून धुवा आणि काम झाल्यावर मुलीचे हात साबणाने धुवा. मी स्वतः ख्रिस्ती नाही, पण आमच्या मळ्यावर काम करणाऱ्या एका बाईंनी सांगितलं होतं की योहानाच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो. तेव्हापासून काड्या जाळताना हात थांबतो. पुढच्या आठवड्यात भाजी घेऊन पुण्याला टेम्पो येणार आहे, निरोप टाकलात तर एक भारा पाठवतो.

तोरणप्रेमी | ९ डिसेंबर, दुपारी २.१५

मला एक वाटतं, राग मानू नका. कडं ही युरोपातली गोष्ट. आपल्या दाराला आंब्याची पानं आणि झेंडू असताना ते हवं कशाला? तोरण बांधा की. नाताळलाही शोभेल.

नंदाखालची_पोर | ९ डिसेंबर, दुपारी २.४०

तोरण शोभेलच. पण "युरोपातली गोष्ट" म्हटलं की आम्हाला लागतं. नाताळ हा शब्दच पोर्तुगीजमधून आलाय, आणि तो इतक्या पिढ्या आमच्या तोंडी आहे की आता आमचाच झालाय. माझ्या आजीच्या दारावर चांदणी असायची आणि चौकटीला आंब्याची पानंही. तिला या दोन वस्तू वेगवेगळ्या मुलखांतल्या वाटल्या नाहीत.

तोरणप्रेमी | ९ डिसेंबर, दुपारी ३.०५

चुकलं माझं. मला "त्याऐवजी" म्हणायचं नव्हतं, "त्यासोबत" म्हणायला हवं होतं. आजींच्या दाराचं चित्र डोळ्यांपुढे आलं.

राईनकाठची | ९ डिसेंबर, दुपारी ४.२०

मी जर्मनीत राहते, म्हणून कड्याबद्दल थोडं. इथे दारावरचं कडं वेगळं आणि मेजावरचं वेगळं. मेजावरच्या कड्यावर चार मेणबत्त्या असतात. नाताळच्या आधीच्या चार रविवारी एकेक वाढवत पेटवायची. याची सुरुवात योहान हिन्रिख विखर्न या पाद्र्याने हॅम्बर्गमध्ये १८३९ साली केली. तो निराधार मुलांचं घर चालवायचा. मुलं रोज विचारायची, नाताळला किती दिवस राहिले? त्याने गाडीच्या चाकावर २० लहान लाल मेणबत्त्या आणि रविवारच्या ४ मोठ्या पांढऱ्या लावल्या. रोज एक पेटवायची. म्हणजे तीही मुलांच्या प्रश्नातूनच आलेली वस्तू, नगरची_लेक, तुमच्या चांदणीसारखीच!

आणि शून्य_बाकी, तुमच्यासाठी: इथली प्रसिद्ध कागदी चांदणी मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या वसतिशाळेत भूमिती शिकवताना जन्मली. तिला २५ टोकं असतात, १७ चौकोनी पायाची आणि ८ त्रिकोणी पायाची. सव्विसाव्या जागी टांगायची दोरी.

शून्य_बाकी | ९ डिसेंबर, दुपारी ४.४५

१८ चौरस आणि ८ त्रिकोण असलेला घन! त्यातला एक चौरस दोरीला गेला. आजचा दिवस माझा आहे.

रानवाटा | ९ डिसेंबर, संध्याकाळी ६.००

कड्यावर लाल फळं हवीत ना? गुंजा लावा. लालभडक, वर काळा ठिपका, रंग कधी उडत नाही. डिसेंबरात शेंगा उकलतात. आमच्या कुंपणावर भरपूर.

औषधी_बाग | ९ डिसेंबर, संध्याकाळी ६.१०

कृपया नको. गुंजेच्या बीमध्ये ॲब्रिन हे अतिशय जहाल विष असतं. अख्खी बी कठीण कवचामुळे कधीकधी तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा भोक पाडून ओवली असेल तर जीवावर बेतू शकतं. दारावर, मुलाच्या हाताच्या उंचीवर तर मुळीच नाही. लाल रंग हवा असेल तर सुक्या लाल मिरच्या पण उंचावर, नाहीतर कुंकवाच्या पाण्यात बुडवून वाळवलेली सुरूच्या झाडाची बोंडं. पॉइन्सेटियाचे लाल पानांचे झुपके याच महिन्यात येतात, तेही लावता येतील. त्याचा चीक काहींच्या त्वचेला खाजतो, एवढंच सांभाळा.

रानवाटा | ९ डिसेंबर, संध्याकाळी ६.२५

धन्यवाद. आम्ही लहानपणी गुंजांनी सागरगोट्यांसारखं खेळायचो. आजच कुंपणावरून काढून टाकतो, घरात नातू आहे.

नंदाखालची_पोर | ९ डिसेंबर, संध्याकाळी ७.००

सुरूची बोंडं म्हणाल्यात आणि भुईगावचा किनारा आठवला. सुरूखाली ती बोंडं पसरलेली असतात, चिमुकल्या देवदाराच्या बोंडांसारखी. आमच्याकडे नाताळचं झाड म्हणूनही सुरूचीच फांदी आणतात. पण झाड तोडू नका. ते बन समुद्राचा वारा अडवायला लावलेलं आहे. जमिनीवर पडलेलं वेचा, पिशवी भरते.

म्हापशेकर | ९ डिसेंबर, रात्री ८.३०

आमच्या गोव्यात चांदणीला नखेत्र म्हणतात. वाड्यावाड्यांत स्पर्धा असतात, काही नखेत्रं माणसापेक्षा उंच. लहान मुलं आधी नाचणी पेरतात. गोठ्यासाठी परातीत माती घालून नाचणी टाकली की आठ-दहा दिवसांत हिरवंगार शेत तयार. ताई, चांदणी बनेपर्यंत लेकीला हेही काम द्या. दाराशी उंबऱ्याच्या एका बाजूला ते ताट ठेवलं की दार जिवंत वाटतं.

आणि २६ तारखेला घाईने काही उतरवू नका. ही चांदणी म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानातली, पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना वाट दाखवणारी. ते पोचतात ६ जानेवारीला. आमच्याकडे रेइस मागूस, कांसावली, चांदोर इथे त्या दिवशी तीन राजांचं, म्हणजे याच ज्ञानी लोकांचं, फेस्त असतं. तोवर दिवा लावायचा.

वायरमन_दादा | १० डिसेंबर, सकाळी ७.१५

दिव्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. कागदी चांदणीत जुना तारेचा बल्ब लावू नका. लोकांना "झीरोचा" बल्ब म्हणजे काहीच वीज नाही असं वाटतं, तो १५ वॉटच्या आसपास घेतो आणि तापतो. ५ वॉटचा एलईडी पुरे. मेणबत्ती तर आत ठेवायचीच नाही. बर्फ म्हणून कापूस चिकटवतात, तोही दिव्याजवळ नको.

तुमचं भाड्याचं घर आहे, दार उघडमीट होणार. वायर दारात चेपली की आतून तुटते, बाहेरून दिसतही नाही. म्हणून दारावर सेलवर चालणारी एलईडीची माळ घ्या आणि सेलची डबी आतल्या आडकाठीला बांधा. खिळ्याचा प्रश्नच नाही, सेफ्टी डोअरच्या जाळीला सुतळीने तीन ठिकाणी बांधा. वरचं टोक आणि खालची दोन. एकाच ठिकाणी बांधली तर वाऱ्याने फिरते आणि कागद जाळीवर घासून फाटतो.

घरगुती_कला | १० डिसेंबर, सकाळी ९.००

थर्माकोलची चांदणी कापून वर चमकी लावली तर? अर्ध्या तासात होईल.

वायरमन_दादा | १० डिसेंबर, सकाळी ९.२०

राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. आणि दिव्याच्या उबेने त्याचा वास येतो तो वेगळाच.

मधली_आळी | १० डिसेंबर, दुपारी १२.४०

अवांतर: आमच्या वाड्यात एक ख्रिस्ती कुटुंब होतं. तुळशीचं लग्न झालं की आमचा आकाशकंदील उतरायचा, तेव्हा त्या घरच्या मावशी यायच्या, "सांगाडा टाकू नका हं." आमच्या षट्कोनी कंदिलाच्या कामट्या सोडवून त्यांची चांदणी व्हायची. संक्रांतीला त्याच कामट्यांतली एखादी माझ्या पतंगाला. एका बांबूचे तीन सण.

गिरगावातले_काका | १० डिसेंबर, दुपारी १.१०

आमच्या चाळीतही अगदी हेच. मुरलेली कामटी नव्यापेक्षा चांगली वाकते.

नगरची_लेक | १६ डिसेंबर, रात्री ९.५०

पहिला सांगाडा मोडला. चौथी आडकाठी बसवताना एक कामटी कडकन तडकली आणि मुलगी रडली. काका, काय चुकलं?

गिरगावातले_काका | १६ डिसेंबर, रात्री १०.०५

आडकाठी केवढी कापलीस? आणि कामट्या भिजवल्या होत्यास का?

नगरची_लेक | १६ डिसेंबर, रात्री १०.१०

कामट्या दोनच तास भिजल्या. आणि आडकाठी १५ ची. फुगीर छान दिसेल म्हणून.

गिरगावातले_काका | १६ डिसेंबर, रात्री १०.२०

दोन्हीकडून ताण आला मग. रात्रभर भिजव. आडकाठी ११ ची कर. आणि पाचही एकदम पक्क्या बसवू नकोस. आधी सगळ्या तिरक्या अडकव, मग मोटारीच्या चाकाचे नट आवळतात तसं एकीआड एक थोडं थोडं सरळ कर. तडकलेली कामटी टाकू नकोस. सालीच्या बाजूला तडा नसेल तर दोरा गुंडाळून चालते. मुलीला सांग, माझ्या पहिल्या वर्षी तीन मोडल्या होत्या.

ओझरचा_बागायतदार | १७ डिसेंबर, सकाळी ६.००

ताई, काड्यांचा भारा काल रात्री निघाला आहे. धुऊन दिलाय.

नगरची_लेक | २२ डिसेंबर, रात्री ११.३०

झाली. फोटो टाकता येत नाहीये, म्हणून लिहूनच सांगते.

मोठी चांदणी पांढऱ्या कागदाची, बाजूचे दहा त्रिकोण लाल. फवारा मारला आणि सकाळी कागद पेटीच्या भात्यासारखा ताणलेला होता. आत सेलची माळ. ओझरच्या काड्यांचं कडं वळवून चांदणीच्या मागे बांधलं, त्यामुळे कागद जाळीला टेकत नाही. हे असं होईल हे आधी सुचलं नव्हतं. त्यावर सुरूची बोंडं, कुंकवात बुडवलेली. ती विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या एका झाडाखाली सापडली. चौकटीला आंब्याची पानं आहेत. उंबऱ्याशी नाचणी बोटभर उगवली आहे.

पण खरं सांगायचं ते पुढेच. उरलेल्या कामट्या घेऊन मुलगी परवा कोपऱ्यात बसली होती. तिने स्वतःची वीत लावली, मग मूठ-अंगठा, मग वीत, आणि तिथे काठी कापून मागितली. टेप लावली तर ३९ भरली. मी म्हटलं, ही लहान होईल. ती म्हणाली, "माझा हात एवढाच आहे." शून्य_बाकी, तिच्या खुणा १५ आणि ९ वर आल्या. बरोबर आहे का हो हे?

शून्य_बाकी | २२ डिसेंबर, रात्री ११.४०

३९ चे ३८.२ टक्के म्हणजे १४.९. मधले ९.२. तिला माझा नमस्कार सांगा.

नगरची_लेक | २३ डिसेंबर, सकाळी ७.००

सांगितला. तिची चांदणी हिरव्या कागदाची आहे, मोठीच्या खाली बांधली. एक टोक जरा आखूड आहे, ते तिने नीट करू दिलं नाही. काल संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची तिची मैत्रीण आली, बराच वेळ बघत उभी राहिली आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

काका, तुमच्याकडे अजून कामट्या आहेत का? खालच्या मजल्यावर हव्या आहेत.

गिरगावातले_काका | २३ डिसेंबर, सकाळी ७.१०

पत्ता निरोपात पाठव. आज भिजवून ठेवतो.